अडवून धरलेला आवाज

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर काही वर्षांनी सिहोऱ्यात धर्मेंद्रनं इंटरनेटवरून फोन लावायचं दुकान काढलं. गिऱ्हाईक म्हणजे कुवेतला गेलेल्या पोरांचे आईबाप. आवाज तुटून तुटून यायचा आणि शिव्या धर्मेंद्रला पडायच्या. पठ्ठ्यानं सॉफ्टवेअरमधला बफर वाढवला. म्हणजे तिकडून येणारे आवाजाचे तुकडे कॉम्प्युटर जरा अडवून धरतो, नीट जोडतो आणि मग सोडतो. आवाज एकदम स्वच्छ झाला. थोडा उशिरा पोचायचा, पण त्याचं कोणाला काय, असं त्याला वाटलं.

आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. विचारलं की आधी गप्प होतात, मग म्हणतात, बरे आहेत, काळजी करू नको. ऐकणारा काय ते समजतो.

एका शुक्रवारी कुंताबाई एकटीच आली. तिचे केशवराव शेतात धानाच्या रोवणीवर होते. कुवेतहून भूषणनं विचारलं, "आई, बाबा काहून नाई आले? बरे हायेत ना?"

प्रश्न बफरमध्ये अडला. कानावर पडताच कुंताबाई म्हणाली, "बरे हायेत बाप्पा, तू कायजी नोको करू." पण तोवर भूषणला नुसती शांतताच ऐकू आली होती, आणि मग हे शब्द. त्यानं फोन ठेवला. पुन्हा विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

तो गावी आला तो मुंडण करूनच. केशवराव अंगणात बिडी ओढत बसले होते. पोराच्या डोक्याकडे पाहून म्हणाले, "माहं काम आटपून टाकलं का रे?" हसले ते एकटेच. पुढं मात्र जेवताजेवता थांबून कुंताबाईला विचारायचे, "मी हावो ना वं?"

मला त्या घरात जायची भीती वाटू लागली.

धर्मेंद्रनं बफरचा आकडा अगदी कमी केला. पुन्हा शिव्या खाल्ल्या, पण आकडा हलवला नाही. समोरचा बोलताना जरा थांबला तरी तो आधी स्क्रीनवरचा आकडा बघायचा.

भूषण कुवेतला परतला. धान कापणीला आलं आणि केशवराव खरंच गेले. कुंताबाई दुकानात आली. धर्मेंद्रनं फोन लावून दिला.

"आई, बाबा बरे हायेत ना?"

तिच्या तोंडून शब्द निघेना. तिकडं भूषण हसला. "धर्मेंद्रनं पुन्हा आवाज अडवून धरला का वं?"

कुंताबाईनं हेडफोन काढून धर्मेंद्रच्या हातात दिला. त्यानं स्क्रीनवर पाहिलं. आकडा कमीच होता.

"हॅलो? आई?" भूषण विचारत होता, आणि आवाज लगेच पोचत होता.