निळी नळी

लढाईच्या दिवसांत मी नगरच्या एका साप्ताहिकासाठी बातम्या लिहीत असे. लष्करी छावणीला जाणाऱ्या सरबतात आंबटपणासाठीचे फॉस्फरिक ॲसिड जास्त पडते, अशी तक्रार झाली आणि तपासायला पुण्याहून एक गृहस्थ आले. नाव त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही; बातमीसाठी त्यांच्यामागे गेलो.

सरबत बनवणाऱ्या सोड्याच्या कारखान्यात शिरताच त्यांनी उत्तरेची खिडकी शोधली, रुमालाने काच पुसली आणि तिथे दोन नळ्या उभ्या केल्या. एकीत नियमाइतके ॲसिड, दुसरीत तिथल्याच एका बाटलीतले सरबत, दोन्हींत सारखेच पाणी. ॲसिडला रंग आणणारे औषध घालताच दोन्ही निळ्या झाल्या. ॲसिड जितके जास्त, तितका निळा रंग गडद आणि उजेड कमी पार होणार.

“साहेब, माझी जीभ सांगते, माल बराबर हाय,” मालक चाचा म्हणाले. छावणीची ऑर्डर गेली तर कारखान्याला कुलूप लागणार होते.

“जिभेला सवय लागते, चाचा. उजेडाला लागत नाही.”

मग पाठमोरे होऊन त्यांनी नळ्यांची अदलाबदल केली. “तुम्हीच बघा. मला हे सरबत आवडतं, माझा भरवसा नाही. गडद कोणती?”

चाचांनी बराच वेळ एक डोळा मिटून पाहिले. “डावी. लई गडद हाय.”

“ती तुमची.”

चाचांनी ती नळी पुन्हा खिडकीशी धरली.

“ॲसिड कमी करा. उद्या पुन्हा बघतो, मगच अहवालाचा कागद पाठवीन,” असे म्हणून गृहस्थांनी उरलेली बाटली तळापर्यंत संपवली.

“कशी हाय, साहेब?”

“नापास,” ते म्हणाले आणि दुसऱ्या बाटलीसाठी हात पुढे केला.