नापास न झालेली गाडी

धम्मदीपने आयुष्यात एकच मोठं खोटं सांगितलं होतं, आणि तेही वडिलांच्या भल्यासाठीच, असं तो स्वतःला सात वर्षं बजावत आला होता.

वडील दशरथ पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. १९९३ साली त्यांनी प्रीमियरची वन-वन-एट घेतली. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या गल्लीतली ती पहिली चारचाकी. पुढे गल्लीत चकचकीत गाड्या आल्या, तरी ही चौकोनी, फिक्कट पिवळी पेटी त्यांच्या दारात होतीच. "नवी कधी घेताय?" असं कुणी विचारलं की दशरथ म्हणत, "ही मोडली की. वाट बघत बसा."

दर रविवारी ते पत्नी राधाबाईंना मांजरी गावी, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, बायडाबाईंकडे घेऊन जात. दोघी बहिणी दिवसभर ओट्यावर बसून बोलत.

२०१८ मध्ये काचबिंदूने दशरथांची नजर अंधूक झाली. एका वळणावर शाळकरी मुलीच्या सायकलला गाडी घासली. मुलगी थोडक्यात वाचली. पण "बाबा, आता चालवू नका," असं म्हणायची धम्मदीपची छाती झाली नाही. त्याच महिन्यात गाडीचं आरटीओतलं फेरपासिंग होतं. तो गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी रिक्षाने परतला.

"नापास केली, बाबा. भंगारात काढा म्हणाले. मी बघतो सगळं."

हयात फायलींत गेलेला माणूस, पण त्याने मुलाकडे एकही कागद मागितला नाही.

गाडी धायरीला, सोनबा मेकॅनिकच्या शेडमध्ये उभी होती. विकायची तर वडिलांची सही लागणार, आणि तोडायला मन होईना.

राधाबाईंचे रविवार मात्र थांबले. दोन बस बदलणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. "या रविवारी नेशील का रे?" त्या विचारत. धम्मदीप रिक्षा करून तीन-चारदा घेऊन गेला. मग कधी तो शिकवायचा त्या कॉलेजच्या परीक्षा, कधी कुणाचं लग्न. २०२०च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा बहिणींची भेट होऊन आठ महिने झाले होते. अंत्यविधीला आलेल्या बायडाबाईंपुढे दशरथांनी हात जोडले. "चूक माझीच. गाडीची निगा राखायला मी कमी पडलो."

धम्मदीप शेजारीच उभा होता.

गेल्या वर्षी सोनबाचा फोन आला. शेडची जागा बिल्डरकडे गेली होती. "भंगारवाल्याला बोलावू का?"

"नको. नीट करायची."

सोनबाने गाडी भाच्याच्या गॅरेजात ढकलत नेली. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, तळाचा पत्रा हाताने तुटत होता. गळका रेडिएटर कसबा पेठेतल्या एका म्हाताऱ्या तांबटाने झाळून दिला. काचांची रबरं शोधण्यात दोन महिने गेले. "ह्या गाडीला आता कोण विचारतंय?" सोनबा कुरकुरायचा. धम्मदीप गुडघ्यांवर बसून पत्रा घासत राहायचा.

सात महिन्यांनी गाडी सुरू झाली. आता पासिंगच्या अर्जावर मालकाची सही हवी होती.

दशरथांना आता अक्षर दिसत नव्हतं. धम्मदीपने त्यांचं बोट सहीच्या जागी टेकवलं.

"कसला कागद आहे?"

पेन्शनचा आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"गाडीचा," तो म्हणाला. "ती नापास झालीच नव्हती, बाबा. मी पासिंगला नेलीच नाही. लपवून ठेवली." सायकलीपासून सोनबापर्यंत सगळं त्याने सांगून टाकलं.

दशरथांनी कागदावरचं बोट उचललं.

"तुझ्या आईला ठाऊक होतं?"

"नाही."

"गाडी थांबवलीस ते बरोबर केलंस. मला सांगितलं असतंस, तर कुरकुरत का होईना, किल्ली दिली असती. पण तिचं जाणं का थांबवलंस?"

धम्मदीपने त्यांचं बोट पुन्हा सहीच्या जागी टेकवलं. दशरथांनी चाचपडत सही केली.

पासिंग झाल्यावर पहिल्याच रविवारी दोघे मांजरीला गेले. बायडाबाई काठी टेकत बाहेर आल्या आणि गाडी बघून थबकल्या.

"आरं, ही तर मोडीत गेली म्हणालतं ना?"

दशरथांनी मुलाकडे मान वळवली आणि वाट पाहिली. धम्मदीपने पुन्हा, आता मावशीच्या डोळ्यांत बघून, सगळं सांगितलं.

"लई वाट बघायची मी राधाची," एवढंच म्हणून बायडाबाई आत गेल्या. दशरथ चाचपडत ओट्यावर टेकले. धम्मदीप अंगणात उन्हात उभाच राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही.