मूळपुरुषाची काठी

शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या ह्यांच्या तोंडी एकच शब्द. पुरावा! आमटीत मीठ कमी म्हटलं की पुरावा, बिरवाडीचा रस्ता खराब म्हटलं की पुरावा. एकदा मी सहज विचारलं, "तुमचा माझ्यावर जीव आहे का हो?" तर चष्मा पुसत म्हणतात, "परिस्थितिजन्य पुरावा आहे, सरोज." काय बोलायचं अशा माणसाला!

महाडात ह्यांना सगळे शरद गुरुजी म्हणतात. जन्मभर इतिहास शिकवला. आता लेकीनं, वल्लरीनं, मोठा फोन घेऊन दिलाय आणि हे दिवसभर त्यात इस्राएलमधली उत्खननं बघत बसतात. बायबलातल्या गोष्टींत खरं किती, ते जमीन खणून शोधणारे लोक. "अगं, दावीद राजाच्या घराण्याचं नाव कोरलेला दगड सापडलाय!" हे मला पोळ्या लाटताना कळतं. मी म्हणते, सापडला ना, मग आता जरा गॅसचा लायटर शोधा.

आपल्याकडे गोष्टी कमी आहेत का, असंही विचारलं मी. तर म्हणाले, "आपल्या गोष्टींना हात लावला की लोक अंगावर येतात." म्हणजे माणूस अगदीच भोळा नाही.

यंदा शिमग्याच्या थोडं आधी वाचनालयात ह्यांचं व्याख्यान झालं. हे नुसते सुटले होते. "कर्णे वाजवले आणि यरीहो शहराच्या भिंती कोसळल्या, म्हणे. पडक्या भिंती सापडल्या, पण काळ जुळत नाही, असं बरेच संशोधक सांगतात. मोशेनं काठी मारून खडकातून पाणी काढलं, म्हणे. पुरावा? शून्य! त्याच्यामागची एवढी माणसं चाळीस वर्षं रानात हिंडली, आणि मागे एक फुटकं मडकं नाही?" टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाकावर आमच्या वाडीचा जानू बसला होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. गालातल्या गालात हसत होता मेला.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. शिमग्याला देवीची पालखी पहिली आमच्या दारात येते आणि गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीनं देवीला साकडं घालायचा, मान आमच्या घराचा. का, तर आमच्या मूळपुरुषानं देवीला पाठीवरून आणलं, वाटेत तिला तहान लागली, त्यानं कातळावर काठी मारली आणि झरा फुटला. झरा अजून वाहतोय. वर्षभर पुरावा पुरावा करतील, पण शिमगा जवळ आला की फेटा उन्हात घालायची घाई ह्यांनाच. त्या एका दिवसासाठी हा माणूस वर्ष काढतो, हे मला ठाऊक आहे.

जानू दुसऱ्या भावकीतला. गावकीची बैठक बसली तसा तो उभा राहिला. "गुरुजी, त्या मोशेच्या काठीला पुरावा नाय ना?"

"नाही."

"मंग तुमच्या मूळपुरुषाच्या काठीला हाय काय?"

मी मनात म्हटलं, अहो, एकदा खोटं बोला, देवी काही म्हणायची नाही. ह्यांनी चष्मा पुसला.

"नाही," म्हणाले.

"मंग मान तुमच्याच घरात कशापायी? औंदा आमच्याकडं येऊ द्या."

आणि ठरलं तसंच. घरी येऊन ह्यांनी फेटा ट्रंकेत ठेवला. "खऱ्याला धरून राहिलो, सरोज." मी म्हटलं, "राहा, आणि निजा उपाशी!" बोलले खरी, पण मलाच घास उतरेना. राग येत होता, अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम आले की मला रडू येतं.

शिमग्याला पालखी जानूच्या दारात थांबली. ढोल थांबले. जानू नवा फेटा बांधून, नारळ हातात घेऊन पुढं झाला. आमच्यात गाऱ्हाणं एकानं म्हणायचं आणि प्रत्येक ओळीला सगळ्या गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. होकार आला नाही तर पुढची ओळ नाही.

"आमच्या मूळपुरुषानं कातळावर काठी मारली," जानू म्हणाला.

गाव गप्प. तेवढ्यात शकूआत्या, वाडीतली सगळ्यात म्हातारी, ओट्यावरून ओरडली, "पुरावा काय रं जानू?"

असा हशा पिकला म्हणता! जानू लालेलाल. "बरं, गुरुजींच्या मूळपुरुषानं मारली."

"मंग तू रं कशाला गाऱ्हाणं घालतोस?"

पालखीखालचे गडी कावले. "आटपा रं, खांदं गेलं आमचं!"

जानूनं येऊन नारळ ह्यांच्या हातात कोंबला. "घाला तुमीच. मला नाय जमत."

"पण मी पुरावा नाही म्हणालोय," हे अडून बसले.

"तुला कोण इचारतोय पुरावा?" शकूआत्या कडाडली. "गाऱ्हाणं घाल मेल्या!"

हे पालखीपुढं उभे राहिले. बोडक्या डोक्यानं. "आमच्या मूळपुरुषानं तुला पाठीवरून आणली, असं म्हणतात."

लोक एकमेकांकडं बघू लागले. मग कुणीतरी सुरुवात केली, "व्हय म्हाराजा!"

"त्यानं कातळावर काठी मारली, असं म्हणतात."

"व्हय म्हाराजा!"

"झरा फुटला, असं म्हणतात."

मी कपाळाला हात लावला. देवीपुढंसुद्धा ह्यांचं सुटेना.

"त्या पाण्यावर आमच्या आयांनी भात शिजवला. त्या पाण्यावर आमी ल्हानाचं मोठं झालो."

आता 'असं म्हणतात' येणार म्हणून मी वाट बघत राहिले. गावही थांबलं होतं.

"ह्ये म्हणतात नाय," शेवटी म्हणाले. "ह्ये मी बघितलंय."

"व्हय म्हाराजा!" आणि सगळ्यात मोठा आवाज जानूचा होता.