आवाजाचा रकाना

त्या महिन्यात भिंगरी पायाला नाही, डोक्याला लागली होती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी विजेवर चालणाऱ्या माउंटन बाइकच्या मोटरींची माहिती वाचत बसायचो. त्यातही फक्त हलक्या मोटरींची. मोठी मोटर म्हणजे सायकलची स्कूटर करून टाकणं. हलकी मोटर पेडलच्या मधल्या दांड्याभोवती अशी दडून बसते की बघणाऱ्याला ती साधी सायकलच वाटते, आणि चढावर मात्र कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय असं वाटतं. वजन दोन किलोच्या आसपास. जेवताना, दात घासताना, बंगळुरात के. आर. पुरमच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकून पडलेलो असताना माझ्या डोक्यात दोनच मोटरी फिरत असायच्या. पहिली घ्यावी की दुसरी?

कारण एकच होतं. बायकोने रविवारी माझ्याबरोबर सायकलवर यायचं बंद केलं होतं आणि मला ती परत यायला हवी होती.

येलहंक्याला घर घेतल्यापासून आम्ही दोघं दर रविवारी सकाळी निघायचो. तळ्याच्या बांधावरून, मग निलगिरीच्या झाडांतून, लाल मातीच्या पायवाटेने थेट त्या खडकाळ टेकडीपर्यंत. परत येताना एका छोट्या हॉटेलात इडली आणि कॉफी. मी पुढे, ती मागे. मला हळू जाता येत नाही. चालताना नाही, बोलताना नाही, आणि सायकलवर तर नाहीच नाही.

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेला. बायको मात्र पक्की इथली. तिचं मराठी घर चार पिढ्यांपूर्वी कापडाच्या व्यापारासाठी बंगळुरात आलं आणि इथलंच झालं. तिच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते तिलाही सांगता येत नाही. ती मला ‘अहो’ म्हणत नाही. इथल्या बायका नवऱ्याला म्हणतात तसं ‘री’ म्हणते. लग्नानंतर पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी म्हणालो, “आमच्याकडे री ओढतात, तुमच्याकडे री मारतात का?” ती हसली नाही. खरं सांगायचं तर मी उभ्या जन्मात कुणाचीच री ओढलेली नाही आणि तिची ओढावी असं कधी मनातही आलं नाही.

तर एका रविवारी घरी आल्यावर तिने हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, “मी दमले री तुमच्या मागे. पुढच्या रविवारपासून मला बेडा.” बेडा म्हणजे नको. मी इंजिनिअर माणूस. लगेच निदान करून मोकळा झालो. चढ जास्त, वय पन्नाशीपुढचं, दम लागतो. यावर उपाय म्हणजे मोटर. दोघांच्याही सायकली विजेच्या घ्यायच्या, म्हणजे तिला एकटीला आजाऱ्यासारखं वाटायला नको. तिला नक्की कशाने दमायला झालंय, हे विचारायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. मी त्याऐवजी एक तक्ता बनवला.

या सायकली आपल्याकडे सहज बघायला मिळत नाहीत. पण ऑफिसातल्या एकाने परदेशातून येताना पहिल्या मोटरची सायकल आणली होती, ती त्याने काही आठवड्यांसाठी माझ्या हवाली केली. दुसरी इथल्याच, बंगळुरातल्या शिवाजीनगरला एका सायकल दुरुस्तीवाल्या अण्णांकडे कुणीतरी विकायला ठेवली होती. माझी वीस वर्षांची ओळख, म्हणून अण्णांनी तीही घरी नेऊ दिली. दोन्ही सायकली बैठकीत उभ्या राहिल्या. सोफ्यावर जायला आडवं होऊन जावं लागायचं. बायको रोज त्यांच्याभोवतीची लाल माती पुसत राहिली.

तळ्यामागचा एकच चढ मी दोन्हींवर पुन्हापुन्हा चढलो. तक्त्याचे रकाने असे होते: वजन, जोर, बॅटरी किती पुरते, मोटर बंद केली तर पाय जड होतो का, खडकांवरून उतरताना खडखडते का, आणि शेवटचा रकाना आवाजाचा. पहिली मोटर मोठी समजूतदार निघाली. पाय मारला की मदत, पाय थांबला की तीही थांबायची. जोर बेताचा, पण हळू गेलात तरी तेवढाच. दुसरी घाईच्या माणसासाठी बनवलेली. पाय भराभर फिरवले तरच खरा जोर द्यायची, हळू मारलेत तर रुसून बसायची. अर्थात मला दुसरीच आवडली. आवाजाच्या रकान्यात मी दोघींसमोर ‘नाही’ असं लिहिलं.

मग बायकोला पार्किंगमध्ये नेलं. ती घरातल्या चपलांवरच सायकलवर बसली, दोन्हींवर दोन-दोन फेऱ्या मारल्या आणि दुसरी माझ्या हातात देत म्हणाली, “ही किरकिरते.”

“कसली किरकिर?”

“डास कानाशी येतो तशी. तुम्हाला नाही ऐकू येत?”

“नाही. कारण ती नाहीच आहे.”

“सरी,” ती म्हणाली आणि लिफ्टकडे गेली. इथे सरी म्हणजे ठीक आहे. तिच्या तोंडी त्याचा अर्थ असा की आता तुमच्याशी कोण डोकं लावणार.

मी चिडलो. महिनाभर राबून तक्ता करायचा आणि चपला घालून दोन फेऱ्या मारणाऱ्या बाईने त्यात खोट काढायची! रात्रीचं जेवण होईपर्यंत मी धुमसत होतो. इंटरनेटवरही दोघा-तिघांनी त्या मोटरच्या बारीक आवाजाबद्दल लिहिलं होतं, पण ते सगळे रिकामटेकडे असल्याचा निकाल मी आधीच दिलेला होता. आता मला तिला खोटं पाडायचं होतं. शनिवारी मी तिला गाडीत बसवलं, सायकल मागे टाकली आणि शिवाजीनगर गाठलं.

अण्णा माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठे, त्यात जन्मभर हातोडी चालवलेली. बाहेर बस, हॉर्न, शेजारी पत्रे ठोकण्याचं दुकान. असा साक्षीदार माझ्याच बाजूने बोलणार याबद्दल मला शंका नव्हती. अण्णांनी सायकल स्टँडवर चढवली, मोटर चालू केली आणि हाताने पेडल गरागरा फिरवलं. बायकोने चेहरा वाकडा केला. अण्णांनीही मान किंचित मागे घेतली.

“आवाज है सार,” ते म्हणाले. “स्वल्प है, लेकिन है.”

“कुठे आहे? पुन्हा फिरवा.”

त्यांनी पुन्हा फिरवलं. मी कान मोटरला जवळजवळ टेकवला. बसचा हॉर्न ऐकू आला, पत्र्याची ठोकाठोक आली, साखळीची खरखर आली. मी तळहात मोटरवर ठेवला. हाताला बारीक थरथर लागत होती. हात सांगत होता की इथे काहीतरी चालू आहे आणि कानाला त्याचा पत्ताच नव्हता. मी वर पाहिलं तर बायको मोटरकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

परत येताना मी एकटाच बोलत होतो. आमच्या घरावरून हवाई दलाची विमानं जातात, माणसाचे कान काय दगडाचे असतात का, शिवाय तुझ्या घरातले सगळे मुळातच पुटपुटतात. “कुकरची शिट्टी येते ना मला ऐकू?” मी विचारलं. ती म्हणाली, “कुकरची येते. मायक्रोवेव्हची नाही येत.” मायक्रोवेव्हची शिट्टी बिघडली आहे असं मी गेली तीन वर्षं सगळ्यांना सांगत होतो.

घरी पोचल्यावर तिने फोनवर एक चाचणी लावली. एक सूर हळूहळू बारीक होत वर जातो. थोड्या वेळाने मी म्हणालो, “संपला.” ती अजूनही डोळे बारीक करून ऐकत होती. मी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती ऐकतच होती. मला त्या क्षणी भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो, तसा तो आला. मी फोन उलटा करून ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

बाल्कनीत उभं राहिल्यावर मला रातकिडे आठवले. बंगळुरातले रातकिडे संपले, निलगिरीने जमिनीची वाट लावली, असं एक लांबलचक पत्र मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. बऱ्याच लोकांनी हात जोडलेले इमोजी पाठवले होते. एका शेजाऱ्याने मात्र भाबडेपणाने लिहिलं होतं की त्याच्या खिडकीशी तर भरपूर आहेत. मी त्याला चांगलं चार ओळींचं उत्तर दिलं होतं.

आठवड्याने आम्ही कानाच्या दवाखान्यात गेलो. मला एका छोट्या खोलीत हेडफोन घालून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी इतका उतावीळ की आवाज नसतानाही दाबत होतो. तपासणाऱ्या बाईंनी काच वाजवून दोनदा बजावलं. शेवटी त्यांनी कागद पुढे ठेवला. आलेख म्हटलं की मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. जाड आवाजांपाशी रेघ नीट चालली होती आणि पुढे बारीक आवाजांपाशी ती टेकडीच्या उतारासारखी घसरत गेली होती. बाई म्हणाल्या, हे हळूहळू होतं, त्या माणसालाच शेवटी कळतं. बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी जातात. मोकळ्या जागेत, पाठीमागून आलेली हाक तर जातेच.

मग त्यांनी बायकोला विचारलं, “तुमच्या केव्हा लक्षात आलं?”

ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. “लक्षात नाही आलं,” ती म्हणाली. “चार-पाच वर्षं झाली असतील. सायकलवर मी मागून ओरडते, खड्डा आहे, कुत्रं आहे, स्वल्प थांबा. हे थांबतच नाहीत. मला वाटलं, ह्यांना ऐकायचं नसेल.”

मोटरींच्या तक्त्यात काही चुकलं असतं तर मी तासभर वाद घातला असता. इथे मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. चार-पाच वर्षं. दर रविवारी ती हाका मारत होती आणि मी तिच्यापुढे पन्नास फुटांवर, आपण किती छान चाललोय या खुशीत पेडल मारत होतो. ती चढाने दमलीच नव्हती. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाटलं ते वाईट. ती इतकी वर्षं असं समजून माझ्याबरोबर राहिली, जेवली, इडली खायला थांबली, याचं.

यंत्रं मिळायला थोडे दिवस लागले. बोटाच्या पेराएवढी, कानामागे बसणारी. मी त्यांचाही तक्ता करायला घेतला होता: वजन, बॅटरी, आवाज. बायकोने लॅपटॉपचं झाकण लावलं आणि “सुम्मने बसा,” म्हणाली. म्हणजे उगी राहा. बाईंनी दिली ती घेतली. पहिले दोन दिवस मला सगळं जग किरकिरं वाटलं. वर्तमानपत्राची पानं, माझी स्वतःची चप्पल, मायक्रोवेव्ह. दुसरी सायकल अण्णांना परत करताना मी शेवटचं एकदा पेडल फिरवलं आणि मोटर बारीक, टोकदार, डासासारखी रडली. मी अण्णांना म्हणालो, “है अण्णा. आवाज है.” ते इतके हसले की पत्रेवाला बघायला आला. पहिली सायकलही ज्याची त्याला दिली. बायकोला मोटर कधी नकोच होती. विचारल्यावर तिने सांगितलं.

रविवारी ती हेल्मेट घेऊन दारात उभी राहिली. “एकदाच,” म्हणाली. “यंत्र चालतं का बघायला.”

आम्ही आमच्या जुन्याच सायकली काढल्या. तळ्याचा बांध संपला, निलगिरी सुरू झाली. रातकिडे एवढे होते की मला त्या शेजाऱ्याची माफी मागावी लागणार हे उघड होतं. मी पुढे होतो. हळू जायचं ठरवलं होतं तरी वेग वाढलाच होता; कानांवर उपचार झाले होते, स्वभावावर नाही. लाल मातीचा चढ लागला. मी मान खाली घालून उभ्याने पेडल मारायला लागलो आणि त्या सगळ्या किरकिरीतून, पानांतून, माझ्या धापेतून, मागून आवाज आला.

“री.”

ओरडून नाही. साधंच. आपण स्वतःशी पुटपुटतो तितक्या हलक्याने.

मी दोन्ही ब्रेक दाबले आणि पाय टेकला. मागून तिची सायकल जवळजवळ माझ्यावर आदळली. तिने कशीबशी बाजूला घेतली आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं.

“काय झालं? का थांबलात?”

“तू हाक मारलीस ना.”

तिचे डोळे भरून आलेले मला दिसत होते आणि माझेही तिला दिसत असणार.

“मारली,” ती म्हणाली. “पण तुम्ही थांबाल असं कुठे वाटलं होतं. आता काय सांगायचं होतं तेच विसरले.”

मी सायकल निलगिरीला टेकवून ठेवली. तिला आठवेपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो.