मामांचे कान
मामांचे कान तेव्हा शाबूत होते. ते गेले असे मीच सर्वांना पटवले आणि ही गोष्ट इतकी वर्षे मनात दडवली. आजही पेट्रोलमध्ये भिजलेल्या कापडाचा वास आला की ऐंशीच्या दशकात मी शिकाऊ होतो ते चारकोपचे आमचे गॅरेज समोर उभे राहते. तिथले थोरले मेकॅनिक, सर्वांचे मामा, चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरत आणि कोणता सिलिंडर चुकतो ते अचूक सांगत. एका दुपारी एक फियाट मिसिंग करत, म्हणजे मधेच ठोका चुकवत आली. ऐकून मामा म्हणाले, "तिसरा मरतोय रे. प्लग बदल." नवा प्लग माझ्या हातून फरशीवर पडला, त्याला बारीक तडा गेला, आणि ओशाळून मी तोच बसवला. गाडी गचके देतच राहिली. मामांनी पुन्हा ऐकले. "तिसराच आहे." "नवाकोरा प्लग आहे, मामा! आता कान तपासून घ्या," मी म्हणालो. सगळे हसले, मामाही हसले आणि कार्बुरेटर उघडून बसले. त्यांची नजर चुकवून मी प्लग बदलला. गाडी सुरळीत चालली आणि दोष कार्बुरेटरचा ठरला. त्यानंतर मामांनी इंजिनाला कधी कान लावला नाही. "तू ऐक रे, माझं काही खरं नाही," म्हणत ते बाजूला होत. गेल्या महिन्यात वर्सोव्याला त्यांच्या घरी गेलो. आता वयामुळे त्यांना खरोखरच कमी ऐकू येते, म्हणून माझ्यासारख्या हळू बोलणाऱ्याला त्यांच्या सुनेदेखत ओरडून सांगावे लागले, "मामा, तेव्हा तिसराच मरत होता. फुटका प्लग मीच बसवला होता. मला माफ करा."