चिरफाडे सर आणि अर्धा बोलपट

निबंधाच्या तासाला आमचे सर दुसऱ्याच्या लेखाची अशी चिरफाड करत, की आम्ही त्यांचं नावच चिरफाडे ठेवलं होतं. बेळगावच्या कॉलेजात तेव्हा आम्ही मुली दोघीच. बाकीचे प्रोफेसर आमच्याकडे बघतसुद्धा नसत. हे मात्र सरळ "अगं, तू सांग" म्हणायचे. मग काय, सगळ्यांच्या आधी तोंड उघडायची ती मीच.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "लेखकानं काय म्हटलं ते सोडा. तुमच्याकडून काय कबूल करून घेतलं, ते बघा."

एकदा त्यांनी साप्ताहिकातलं एका बोलपटाचं जुनं परीक्षण वाचून दाखवलं. नायिकेबद्दल लिहिलं होतं, 'बाईंचा आवाज ऐकून तंबूबाहेरच्या गाडीवानांनी आपापल्या चाकांना वंगण घातलं.' वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत.

"हसलात? झालं त्याचं काम! आता पुढं म्हणतो, 'सुज्ञ प्रेक्षकांना सांगायला नकोच.' यावर मला बाई आवडली म्हणायची छाती कुणाची आहे? अडाणी ठरेल की तो! बरं, यात काय नाही?"

मी ताडकन उठले. "शेवटाबद्दल एक अक्षर नाही, सर! हा शहाणा मध्यंतरातच उठून गेला असणार. असल्यांच्या हातातला टाक काढून घ्यायला पाहिजे!"

"व्हय," सर म्हणाले. वर्गात ते असं कधी बोलत नसत. "खानापूरची शेवटची गाडी धरायची होती मला. बोलपटातली ती बाई विषानं घसा जळलेली होती, म्हणून नटीनं तसा आवाज काढलेला. ते उत्तरार्धात कळतं. मी तो फार उशिरा पाहिला."

मी मटकन खाली बसले. माझी जीभ का झडली नाही, असं झालं.

सरांनी माफीही छापली होती म्हणे. पण चेष्टा गावभर झालेली. माफी वाचतो कोण? बाईंना पुन्हा काम मिळालं नाही. त्या निपाणीला परतल्या आणि तंबाखूच्या वखारीत लागल्या; तिथं सगळे त्यांना आक्का म्हणत. मी निपाणीचीच. सुट्टीत सर म्हणाले, "एकटा पुरुष बाईमाणसाच्या दारात कसा जाऊ? येशील?" माझ्याही मनाला टोचणी होतीच. गेले.

आक्कांनी चहा ठेवला. बोलल्या, तर आवाज किती स्वच्छ! सरांनी हात जोडून सगळं सांगून टाकलं.

आक्का हसल्या. "असू द्या हो. मला बी हसूच आलं वाचून. लई झ्याक लिवलं हुतं तुमी. मला जमत न्हाय, ते तवाच कळलं."

"अहो, पण मी अर्धाच पाहिला होता! तुम्ही चांगलं काम केलं होतं. चूक माझी!"

"शिकलेली माणसं उगंच लिवत्यात व्हय? माझं मन राखाय आलाय तुमी. च्या घ्या."

सर परत परत सांगत राहिले, अगदी रडकुंडीला आले. आक्का प्रेमानं मान हलवत होत्या. त्यांनी एका शब्दावर विश्वास ठेवला नाही.