विश्रांतीच्या दिवसाचा तक्ता

"पन्नासवरून सत्तेचाळीस," मी म्हणाले. "महिन्यात तीन किलो! सुमन, हॉस्टेलचं जेवण टाकून देतेस का तू?"

सुमन मान खाली घालून काट्यावरून उतरली. मागे बाकीच्या मुली रांगेत होत्या. त्यांच्यादेखत असं विचारायला नको होतं. पण तेव्हा मला मुलीपेक्षा माझ्या तक्त्याची काळजी जास्त होती.

मी ॲथलेटिक्सची कोच. नव्वदच्या दशकात बीडच्या सरकारी क्रीडा केंद्रात मुलींना पळायला शिकवायचे. गावात केबल टीव्ही नुकताच आला होता, मेडिकलच्या दुकानात प्रोटीनचे परदेशी डबे दिसू लागले होते, आणि मी पंजाबातून वर्षभराचा कोर्स करून वहीभर शास्त्र घेऊन आले होते. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं शास्त्र आहाराचं. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ताकद मोजायचं माप. ज्या दिवशी वर्कआउट कडक, त्या दिवशी ती जास्त लागते. रेस्ट डे म्हणजे विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी कमी पुरते. सोपं आहे. मी तक्ता केला: सोमवार ते शनिवार पाच भाकरी, दूध, अंडी, शेंगदाणे. रविवारी तीन भाकरी, बाकी अर्धं.

सुमन एकोणीस वर्षांची, पाटोद्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. तीन हजार मीटर पळायची, म्हणजे मैदानाला साडेसात फेऱ्या. दर शनिवारी संध्याकाळी एसटीनं घरी जायची, रविवारी रात्री परत. वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. राज्याच्या संघात आली असती तर खेळाडू म्हणून नोकरीची आशा होती. तिच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, ह्या टायमाला निवड झाली तर ठिवा तुमच्याकडं. न्हाई झाली तर आमी यंदा लगीन उरकून टाकू."

दिवाळीनंतर तिचा सोमवारचा टाइम घसरायला लागला. बाकी दिवस ठीक. मी अर्थ लावला की रविवारी घरी गोडधोड चापत असणार.

"रविवारी पळतेस का गं घरी?"

"न्हाई मॅडम."

"मग पूर्ण रेस्ट?"

तिनं जरा थांबून होकारार्थी मान हलवली. मी रविवारच्या तीन भाकरींच्या दोन केल्या. तिच्या आईसाठी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खाली सही केली, वर केंद्राचा शिक्काही मारला. वजन उतरायला लागलं ते त्यानंतर.

आमचे साहेब क्रीडा खात्यातले, पण खेळाचा आणि त्यांचा संबंध फायलीपुरता. त्यांनासुद्धा शंका आली. "मॅडम, पोरगी वाळत चाललीये. काही घोळ नाही ना?"

"सर, तक्ता शास्त्रीय आहे," मी म्हणाले.

"बरं बरं," म्हणत त्यांनी फाइल उघडली.

राज्याच्या संघाची निवड चाचणी सोमवारी, औरंगाबादला होती. आधी पुरती विश्रांती मिळावी म्हणून मी तिला शुक्रवारीच घरी पाठवलं. ही अक्कलही माझीच.

पाच फेऱ्या ती पहिल्या दोघींत होती. सहाव्या फेरीत तिचे खांदे वर यायला लागले. सातव्या फेरीत पाय उचलेनात. पाचवी आली, निवड चौघींची होती. मी टॉवेल घेऊन धावले आणि तिला म्हणाले, "घरी जाऊन शेवटी खाल्लंसच ना?" तिच्या तोंडाला कोरड पडली होती. तिनं टॉवेल घेऊन तोंड पुसलं. माझं ते वाक्य आजही आठवलं की मला मान वर करवत नाही.

पुढच्या रविवारी मी तिच्या वडिलांना समजवायला वस्तीवर गेले. ते बाहेर गेले होते. आईनं चहा ठेवला.

"सुमन कुठंय, मावशी?"

"रानात. कापूस येचायला गेलीय."

"आज? आज तर रविवार."

"मंग? रविवारीच तर घावती ती. सकाळी पाण्याच्या सहा खेपा केल्या, आता आली की हप्त्याचं धुनं. हॉस्टेलात आसती ना, म्हनून तिच्या वाट्याचं काम आमी राखून ठिवतो. चाचणीच्या आधी तर दोन दिवस घावली, समदी येचणी उरकली बघा."

माझा कागद भिंतीवर खिळ्याला लावलेला होता. तिकडं बोट करून मावशी अभिमानानं म्हणाल्या, "लई भूक लागली म्हनती कवा कवा. पर तिसरी भाकर मी कंदी दिली न्हाई. तुमी लिवून देलतं ना."

मी चहाचा कप खाली ठेवला. मी स्वतः बाई आहे. माझाही रविवार धुणं, दळण, निवडणं-टिपणं यातच जायचा, आठवड्यातला सगळ्यात थकवणारा दिवस. तरी हिच्या रविवारपुढे मी बिनदिक्कत 'विश्रांती' लिहिलं होतं.

सुमन डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन आली. "मला सांगितलं का नाहीस गं?"

"तुमी इचारलं पळतीस का. मी न्हाई पळाले, मॅडम. घरचं काम काय सांगायचं?"

वडील आल्यावर मी सरळ कबूल केलं की चूक माझी, पोरीचा दम कमी नाही, एक वर्ष द्या. पुढच्या गटात पळेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "चूक कुनाची बी आसू द्या, मॅडम. मी शब्द देलता, तुमी बी ऐकला हुता. पाव्हणे बघून गेलेत." फाल्गुनात तिचं लग्न झालं. मला पत्रिका आली होती, मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जायचं?

तेव्हापासून तक्ता करायच्या आधी मी प्रत्येक मुलीला उठल्यापासून झोपेपर्यंतचा रविवार सांगायला लावते. बऱ्याच जणींना त्या दिवशी पाचाच्या सहा भाकरी लिहून द्याव्या लागतात. विश्रांतीला कमी खावं, हा नियम खरा आहे. फक्त विश्रांती आहे की नाही, हे कोचनं जाऊन बघायचं असतं.

एक सांगायचं राहिलं. चाचणीचा रिपोर्ट मी वस्तीवर जाऊन आल्यानंतर लिहिला. अपयशाच्या कारणापुढे लिहिलं, 'खेळाडूनं आहाराची शिस्त पाळली नाही.' साहेबांनी न वाचता सही केली.